राखून ठेवलेला अटेम्प्ट

“उठा,” ती म्हणाली.

सुगंधा तामोरे दर्पण घरतशी बोलली तो हा पहिला शब्द. प्रेमाची सुरुवात नजरानजरेने होते म्हणतात. इथे नजर वर करायलाही दर्पणला वेळ लागला, कारण तो खिडकीजवळच्या खुर्चीत बसून मस्तपैकी पेंगत होता.

ती खुर्ची साधीसुधी नव्हती. बोईसर स्टेशनापासून थोडं आत, स्कूटर दुरुस्तीच्या गॅरेजच्या वर, कमलाकांत काका एक अभ्यासिका चालवत. काका निवृत्त शिक्षक. खालून दिवसभर पान्यांचा खणखणाट आणि हिंदीतली भांडणं वर येत, आणि वर वीसेक मुलंमुली पुस्तकात डोकं घालून बसलेली असत. कुणी तलाठी व्हायचं म्हणून, कुणी पोलीस भरतीसाठी, तर कुणी थेट यूपीएससीसाठी. पंखे तीन होते, पण मन लावून फिरणारा एकच. त्याच्याखालच्या खुर्चीबद्दल काकांचा नियम होता: ज्याची शेवटची संधी, खुर्ची त्याची.

“उठा. आजपासून इथे मी बसणार.”

“मॅडम, तुम्ही नव्या दिसता,” दर्पण डोळे चोळत म्हणाला. “ही शेवटच्या अटेम्प्टवाल्याची खुर्ची आहे. यूपीएससीचे मला सहा मिळतात. पाच संपले.”

“आणि माझं वय संपतंय. नऊ ऑगस्टला मी पस्तीस पूर्ण करते. एक ऑगस्टला वय मोजतात, म्हणून यंदा आठ दिवसांनी वाचले. पुढच्या वर्षी मला दारातही उभं करणार नाहीत. अटेम्प्ट म्हणाल तर नऊतले चारच वापरलेत. उरलेले हवे तर तुम्ही घ्या, पण खुर्ची द्या.”

अभ्यासिकेतली सगळी पेनं थांबली. प्रवर्ग वेगळे तसे नियम वेगळे, हे तिथे सगळ्यांनाच पाठ होतं. पण बाई आपलं वय असं खणखणीत, भरल्या खोलीत, तारखेसकट सांगते, हे नवीन होतं. दर्पण एकोणतीसचा. बत्तीसपर्यंत त्याला मुभा होती, म्हणजे त्याच्याकडे वर्षं पडून होती आणि अटेम्प्ट नव्हते. हिच्याकडे अटेम्प्ट पडून होते आणि वर्षं नव्हती.

एवढ्यात तिच्या पिशवीतून एक खमंग, खारा वास खोलीभर पसरला. आईने मनोरच्या बाजारात पोचवायला दिलेले सुके बोंबील होते ते.

“नाव काय म्हणालात आपलं?” दर्पणने विचारलं.

“सुगंधा.”

कोपऱ्यातून कुणीतरी फिस्सकन हसलं. दर्पणने ओठ घट्ट मिटून घेतले.

“हसा की,” ती म्हणाली. “पण उठून हसा.”

तो उठला… आणि उठून हसला. गालाला खळी पडेपर्यंत हसला. सुगंधाला राग यायला हवा होता. तो आला नाही, याचाच तिला थोडा राग आला.

काकांनी चष्मा पुसत निवाडा दिला. दोघांचीही शेवटची, खुर्ची एक, तर सकाळ हिची आणि दुपार त्याची. निवाडा साधाच होता. पण त्यामुळे झालं असं, की रोज भर दुपारी खुर्ची सोडताना आणि घेताना दोघांना समोरासमोर यावंच लागायचं.

पहिला आठवडा “या” आणि “बसा” एवढ्यावरच गेला. मग दर्पणने एक खोडी काढली. तिने खुर्ची सोडली, की बसण्याआधी तो तिला एक प्रश्न विचारायचा. चुकलं तर चहा तिचा, बरोबर आलं तर त्याचा.

“राज्यपाल व्हायला किमान वय किती लागतं?”

“पस्तीस.”

“आणि राष्ट्रपती?”

“पस्तीसच. चहा आण… म्हणजे, आणा.”

“म्हणजे बघा, नऊ ऑगस्टपासून तुम्ही राष्ट्रपती व्हायला पात्र. राज्यपाल व्हायला पात्र. फक्त कलेक्टर व्हायला अपात्र. एवढ्या मोठ्या माणसाने माझ्यासारख्याकडून चहा घ्यावा, हे बरं दिसतं का?”

ती इतकी हसली की खालच्या गॅरेजवाल्याने वर पाहिलं. वय संपतंय या गोष्टीवर गेल्या वर्षभरात ती रडली होती, चिडली होती, रात्र रात्र जागली होती. हसली आज पहिल्यांदा.

मार्च उजाडला तसा चहा दोघांचा होऊ लागला. सुगंधा दांडी गावची. घर किनाऱ्यावर, दारातच बोंबील वाळत घालायच्या बांबूच्या रांगा. वडील गेल्यावर दहा वर्षं तिने तारापूरच्या एका कारखान्याच्या लॅबमध्ये पाळ्या केल्या, धाकट्या भावाला इंजिनियर केलं आणि तिशीत पहिला अर्ज भरला. दर्पण सफाळ्याचा. घरी भातशेती आणि स्टेशनजवळ छोटं दुकान. तो सगळ्यांवर बोलायचा, सगळ्यांना हसवायचा. पण त्याची स्वतःची पाळी आली, की एकच शब्द यायचा, “बघू.”

एकदा तिला दाखल्यासाठी पालघरला जायचं होतं. “माझंही काम आहे तिकडे,” असं म्हणून त्याने स्कूटर काढली. काम काही नव्हतं, हे तिला चिंचपाड्याच्या वळणावरच कळलं. वाटेत आंब्याचा मोहोर घमघमत होता, ओढणी वाऱ्यावर त्याच्या खांद्यावर जात होती, आणि सुगंधा ती परत ओढून घ्यायला दर वेळी जरासा उशीर करत होती.

जिल्हाधिकारी कार्यालयाच्या पायऱ्यांवर ती थांबली.

“वादळात आमची होडी फुटली तेव्हा आई इथे किती खेपा घालायची,” ती म्हणाली. “कुणी धड बोलायचं नाही. मग एक दिवस एक बाई अधिकारी दांडीला आल्या. आईच्या बाजूला, वाळूतच बसल्या. पहिलं काय विचारलं माहीत आहे? ‘तुमचं नाव काय?’ आई अजून सांगते. मला तेवढंच करायचंय, दर्पण. एखाद्या बाईच्या बाजूला बसून तिचं नाव विचारायचंय.”



“तू होशील,” तो म्हणाला.

“तू?”

“चुकून गेलं तोंडातून.”

“राहू दे मग,” ती म्हणाली. “चुकलेलं उत्तर खोडायचं नसतं… गुण जातात. आणि तू कशासाठी बसतोस?”

“बघू,” तो म्हणाला आणि स्कूटरला किक मारली.

परतताना सुगंधाने ओढणी सावरलीच नाही. चौतिसाव्या वर्षी, परीक्षेला दोन महिने असताना, पाच वर्षांनी लहान मुलाच्या स्कूटरवर बसून आपल्याला हे काय होतंय, असं तिने स्वतःला चार वेळा दरडावलं. काही उपयोग झाला नाही. तिला तो आवडत होता. खूप आवडत होता.

एप्रिलमध्ये एकदा खुर्ची सोडताना दोघांचे हात एकाच वेळी खुर्चीच्या पाठीवर आले. कुणीच काढला नाही.

“सुगंधा, एक सांगायचं होतं—”

“सांग ना.”

“…परीक्षा झाल्यावर बघू.”

मेच्या मध्यावर दांडीला सुगंधाच्या मामाची होडी वर ओढायची होती. पावसाळ्यातली मासेमारीची बंदी जूनला लागते, पण होडीच्या तळाची डागडुजी निघाली होती. होडी ओढायला दांडीत हात मोजत नाहीत, जो दिसेल त्याच्या हातात दोर देतात. दर्पण तिला नोट्स द्यायला आला होता, त्यालाही दिला. खाली लाकडी ओंडके टाकलेले, पुढे दोर धरून पंधरावीस माणसं, आणि “हय्या” म्हटलं की सगळ्यांनी एकदम जोर लावायचा. तीनदा होडी चढली आणि तीनदा मागे घसरली.

सुगंधाची आई, काशीबाई, कमरेला पदर खोचून बाजूला उभी होती. तिने दोरावरून सरळ नजर फिरवली आणि दर्पणपाशी थांबवली.

“ओ पोरा, तू हात राखून ओढतंय.”

“नाय हो मावशी. पूर्ण जोर लावलाय.”

“मना नको सांगू. चाळीस वरसं दोर बघते मी. बाकीच्यांचे हात ताठ हायत नि तुझा ढिला हाय. पडशील म्हून भितं काय? पडलं तर वाळूच हाय खाली. एक हात राखून ओढणारा असला, तं बाकीच्यांना त्याचा पण भार होते.”

सगळे हसले. दर्पणही हसला, पण खळी पडली नाही. चौथ्या वेळी होडी चढली.

आईचं ते बोलणं सुगंधाच्या डोक्यातून जाईना. दुसऱ्या दिवशी अभ्यासिकेच्या जिन्यात हिना भेटली. ही पोरगी पुढच्या वर्षी शेवटचा अटेम्प्ट देणार होती.

“ताई, यंदा तरी दर्पणदादा बसतील ना?” हिनाने अगदी निरागसपणे विचारलं. “गेली दोन वर्षं अर्ज भरतात, आणि परीक्षेच्या दिवशी सफाळ्यालाच असतात. खुर्ची काही सुटत नाही.”

सुगंधा वर गेली. दर्पण नुकताच येऊन खुर्चीत टेकला होता.

“दोन वर्षं?” तिने विचारलं.

त्याला काय ते कळलं. त्याने पुस्तक मिटलं.

“पेपरला बसलंच नाय, तर अटेम्प्ट मोजत नाहीत.”

“नियम मला माहीत हाय. का नाय बसलास, ते सांग.”

“शेवटचा आहे म्हणून,” तो हळूच म्हणाला. “तो आहे तोवर मी तयारी करणारा मुलगा आहे. दुकानात कुणी विचारलं, की सांगता येतं, अजून एक आहे. तो संपला… आणि नाही झालं… तर मी कोण?”

तिला त्याला जवळ घ्यावंसं वाटलं, आणि त्याच वेळी गदागदा हलवावंसंही वाटलं. तिने दुसरं निवडलं.

“अटेम्प्ट राखून ठेवता येतो, दर्पण. वय नाय राखता येत. मला एक वर्ष जरी असं डब्यात घालून ठेवता आलं असतं ना, तर मी ते जपत बसले नसते, वापरलं असतं. आणि तू सगळंच राखतोस. अटेम्प्ट राखतोस, दोरावरचा हात राखतोस, बोलायचं ते पण राखतोस.” तिने त्याचं मिटलेलं पुस्तक बाजूला सरकवलं. “यंदा बसणार आहेस?”

“…बघू.”

सुगंधाने आपली पुस्तकं गोळा केली.

“मग बस. सकाळ पण तुझीच. दिवसभर बस त्या खुर्चीत.”

उरलेले दिवस तिने घरीच अभ्यास केला, वाळत्या बोंबलांच्या सावलीत. राज्यघटना वाचता वाचता मान आपोआप रस्त्याकडे वळायची. स्कूटर वाजली की ती उठून उभी राहायची, आणि पोस्टमनची निघाली की पुस्तकात पुन्हा तोंड खुपसायची. आई बघत होती. एकदा तिच्यापुढे चहा ठेवून म्हणाली, “पोरगा वाईट नाय. भित्रा हाय. त्यावर औषध असते.”

परीक्षेचं केंद्र ठाण्याला होतं, आणि काकांकडून तिला कळलं होतं, की दर्पणचंही तेच. ती भावासोबत पहाटेच निघाली आणि तासभर आधी शाळेच्या उघड्या फाटकाशी येऊन उभी राहिली. गर्दी वाढत गेली. प्रत्येक येणाऱ्या चेहऱ्याकडे ती बघत होती. हा नाही. हाही नाही. ओळखपत्रं तपासणाऱ्याने हाक दिली, “फाटक बंद करतोय, लवकर आत या.” रस्ता रिकामा झाला होता.

एक पाऊल बाहेर टाकून कोपऱ्यापर्यंत बघून यावं, असं तिच्या मनात आलं. खोटं कशाला बोला, खूप जोरात आलं. पण ही तिची शेवटची वेळ होती आणि ती कुणाच्याही भीतीपायी जाऊ द्यायची नाही, हे तिने चार वर्षांपूर्वीच ठरवलं होतं. ती वळली आणि आत गेली. फाटक बंद झालं. डोळ्यांतलं पाणी तिने बाकावर बसल्यावर पुसलं, आणि प्रश्नपत्रिका हातात आली तेव्हा तिला दुसरं काही दिसेनासं झालं.

पहिला पेपर संपवून ती बाहेर आली, तर आवारातल्या जांभळाखाली एक माणूस डबा उघडून बसला होता.

“सुके बोंबील आहेत,” दर्पण म्हणाला. “मनोरच्या बाजारातले. म्हटलं, वासाने तरी शोधत येशील.”

“तू… तू कधी आलास? मी फाटकाशी—”

“फाटक उघडल्याबरोबर, तू यायच्या आधीच, आत शिरलो. सगळ्यांत पहिला. बाहेर उभा राहिलो असतो तर परत फिरलो असतो, माझं मला माहीत आहे. वरच्या खिडकीतून तू दिसत होतीस. तू प्रत्येकाकडे बघत होतीस, आणि मला खाली येता येत नव्हतं.” तो थांबला. “शेवटी तू वळलीस, आत आलीस… तेव्हा फार बरं वाटलं. माझ्यासाठी थांबली असतीस तर मी स्वतःला माफ केलं नसतं.”

“पेपर कसा गेला?”

“वाईट,” तो हसून म्हणाला, आणि खळी पडली. “पण गेला. सहावा गेला एकदाचा.”

या पूर्वपरीक्षेचा निकाल जूनमध्ये लागला. सुगंधा पास झाली. दर्पण नाही.

मुख्य परीक्षा ऑगस्टअखेर. सुगंधाने पुन्हा खिडकीजवळ ठाण मांडलं, आता सकाळ-दुपार दोन्ही तिची. दर्पण एकदाच आला, काकांच्या पाया पडला आणि सफाळ्याला गेला. जाताना तिला एवढंच म्हणाला, की निकाल पाहिल्यावर तो दुकानात बसला, साखर तोलली, रात्री दोन भाकऱ्या जास्त खाल्ल्या आणि गाढ झोपला. ज्याला इतकी वर्षं भ्यायचो ते एवढंच होतं, हे सांगताना तो खरोखर चकित झालेला दिसत होता. मग महिनाभर त्याचे नुसते फोन येत राहिले. रोज दुपारी, ठरल्या वेळी, एक प्रश्न विचारायचा आणि फोन ठेवायचा.

एक ऑगस्टला सुगंधा पहाटेच किनाऱ्यावर गेली. सरकारदरबारी त्या दिवशी तिचं वय संपत होतं, आणि त्याच दिवशी समुद्राची बंदी उठत होती. रिमझिम पावसात सगळी दांडी किनाऱ्यावर लोटली होती. होड्यांना झेंडूच्या माळा, नव्या रंगाचा वास, बायकांची लगबग. कोण उत्साह होता.

वाळूतून स्कूटर ढकलत कुणीतरी येत होतं. भिजलेला दर्पण.

“प्रश्न विचारायला आलोय,” तो धापा टाकत म्हणाला. “आज फोनवर नको वाटला.”

“विचार.”

“आधी थोडं सांगतो. फेब्रुवारीपासून एक गोष्ट राखून ठेवलीय. म्हटलं, विचारलं आणि नाही म्हणालीस, तर संपलं. न विचारता निदान आशा तरी राहील.” त्याने ओले केस मागे सारले. “आता मी तयारी करणारा मुलगा नाही. सफाळ्याचा दुकानदार आहे, आणि पुढच्या महिन्यापासून काकांच्या अभ्यासिकेत शिकवणार आहे. याहून जास्त माझ्याकडे काही नाही. सुगंधा, तू मला आवडतेस. फार आवडतेस. माझ्याशी लग्न करशील?”

तिने त्याच्याकडे रोखून पाहिलं. पाऊस त्याच्या नाकावरून ओघळत होता.

“मी पाच वर्षांनी मोठी हाय.”

“माहीत आहे. ओळख व्हायच्या आधी वय सांगितलंस तू मला. तारखेसकट.”

“मुख्य परीक्षा व्हायचीय. नाय झालं तर मला दुसरी संधी नाय. तुला रडकी बायको मिळेल.”

“दोन भाकऱ्या जास्त वाढेन.”

“आणि झालं तर बदल्यांमागे फिरावं लागेल.”

“फिरेन. उत्तर दे. का विचार करायला वेळ हवाय?”

“छे,” सुगंधा म्हणाली. “राखून ठेवायची सवय तुझी, माझी नाय. हो.”

तो काहीतरी बोलणार होता, पण तेवढ्यात काशीबाईची हाक आली. मामाची होडी पाण्यात लोटायची होती आणि हात कमी पडत होते. दर्पण पळत गेला आणि होडीच्या कडेला खांदा लावून उभा राहिला. काशीबाईने पदर खोचला. “हय्या” झालं, सगळ्यांनी जोर लावला आणि होडी सरसरत लाटेवर गेली. बाकीचे सवयीने थांबले. दर्पणला थांबता आलं नाही. तो होडीच्या मागोमाग गुडघाभर पाण्यात तोंडघशी पडला, आणि सगळा किनारा हसत सुटला.

तो उठला. नाकातोंडातून पाणी, केसात झेंडूची पाकळी, आणि गालावर खळी. सुगंधा हसता हसता वाळूतच बसली.

काशीबाईने त्याच्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. मग मुलीकडे पाहिलं.

“आता लावला ह्याने जोर,” ती म्हणाली. “जा बाय, त्याला टॉवेल दे. नि जेवायला थांब म्हून सांग.”